रिकामं भांडं परत जात नाही

डर्बीला जाऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. बायको तिथल्या एका इस्पितळात नर्स, आणि मी तिच्यामागून गेलेला पलूसचा माजी मास्तर. तिचा डबा घरी राहिला म्हणून द्यायला गेलो आणि जाता जाता तिथल्या संडासात शिरलो. आत अंधार, बटण कुठंच दिसेना. वरून एक लाल दोरी लोंबत होती. ब्रिटनमध्ये न्हाणीघरातला दिवा दोरी ओढून लागतो एवढं ज्ञान आमच्या भाड्याच्या घरात मिळालेलं होतं, म्हणून मी विश्वासानं दोरी ओढली. दिवा लागला नाही. बाहेर घंटा सुरू झाली, धावपळीचे आवाज आले, आणि दोन नर्सा आणि एक धिप्पाड रखवालदार दार ठोठावत "सर, आर यू ओके?" करायला लागले. मी ओके होतो, पण तसं सांगायची माझी हिंमत होईना.

घरी येऊन बायकोच्या फोनवरच्या एका ग्रुपवर मी हा प्रकार लिहिला. सातारा-सांगलीकडून ब्रिटनला गेलेल्या माणसांचा ग्रुप, नाव 'भांडं'. लिहिल्यावर लगेच पस्तावलो. आपल्या माणसांचा ग्रुप म्हणजे आता दात काढणाऱ्या चित्रांची रांग लागणार, हे मी धरूनच चाललो होतो. त्याऐवजी आवाजातला एक निरोप आला. आधी ट्रकचा हॉर्न, मग कोंबडं, मग एका बाईचा खणखणीत आवाज.

"मास्तर, पांढरी दोरी दिव्याची, लाल दोरी बोंबेची. संडासात कोण पडलं-झडलं तर वडायची असती ती. आन् लाजू नगासा. मी बी वडलीया. माझ्या टायमाला तर वार्डातला मोठा डाक्टर पळत आलता."

ह्या जैबूनआपा. उंब्रजच्या मणेर आळीतल्या. हॉर्न त्यांच्या दारातल्या हायवेचा.

आपांचे वडील बांगड्या विकायचे. गळ्यात बांगड्यांचे सर अडकवून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हिंडायचे, मागून लहानगी जैबून. "माझ्या बापानं शंभर घरच्या बायकांचं हात हातात घेतलं," आपा सांगायच्या, "पर कुणाला आडनाव न्हाई इचारलं. माप मनगटाचं घ्यायचं आसतंय, आडनावाचं न्हवं." आणखी एक गोष्ट त्या जरा आवाज उतरवून सांगायच्या. बांगडी भरताना बाहीच्या आतलं दिसतं. बाई हसत असते, पण मनगट हसत नसतं. वडील अशा वेळी काही बोलायचे नाहीत, फक्त हळू भरायचे. आपांना ते लहानपणीही पटलेलं नव्हतं. "हळू भरून काय हुतंय? बोलाय पायजे हुतं," असं त्या बापावर अजून चिडून म्हणायच्या.

मिरजेला नर्सिंग शिकून त्या वयाच्या चाळिशीत ब्रिटनला गेल्या आणि उत्तरेकडच्या एका लहान गावात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नोकरी करून, निवृत्त होऊन परत आल्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. परत आल्या त्या तिथल्या काही सवयी घेऊन. उंब्रजच्या स्टँडवर एसटी लागली की आपा दारापासून हात अंतरावर उभ्या राहून एकट्यानं रांग करायच्या. त्यांच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. बाजूनं सगळं गाव आत घुसायचं, रुमाल टाकून जागा धरायचं, आणि आपा मात्र "एस्क्यूज मी, रांग हाय हितं!" असं ओरडत शेवटी चढायच्या आणि उभ्यानं कराडपर्यंत जायच्या. भाजीवालीला न चुकता हवेबद्दल सांगायच्या. "आज ऊन हाय नाई?" त्यावर ती बापडी म्हणायची, "रोजच आसतंय की आपा." मे महिन्यातसुद्धा त्यांच्या साडीवर एक फिकट हिरवा लोकरी कार्डिगन असायचाच. तो मॉरीननं विणलेला.

मॉरीन म्हणजे तिथली त्यांची शेजारीण. आपा राहायला गेल्या त्या पहिल्याच रविवारी ही म्हातारी कुंपणाशी आली आणि निळ्या काठाच्या काचेच्या भांड्यात काहीतरी आंबटगोड भाजलेलं देऊन गेली. आपलं तिचं काही नातं नाही, बोलणं नाही, आणि भांडं तर देऊन बसली. आता रिकामं परत कसं द्यायचं? आपल्याकडं वाटीभर साखर उसनी आणली तरी वाटी परत करताना चिमूटभर काहीतरी घालून देतात. आपांनी चोंगे केले. मोहरमला आमच्या गावांत सगळ्या घरी करतात त्या गुळाच्या जाड, नक्षी उठवलेल्या पोळ्या. ते घालून भांडं दिलं. मॉरीननं चोंग्यांवर लोणी लावून चहाबरोबर खाल्ले, आभाराचं कार्ड टाकलं, आणि भांडं पुन्हा भरून कुंपणावर. इंग्रज बाईला वाटलं, ह्यांनी दिलंय तर आपण द्यायलाच हवं. आपांना वाटलं, भरून आलंय तर भरूनच जायला हवं. दोघींनाही थांबायचं कसं ते कळेना. "आमी दोघी बी दमलो हुतो मास्तर," आपा हसत सांगायच्या, "पर आधी कोण थांबायचं?" अशी कित्येक वर्षं त्या कुंपणावरून भांडं इकडून तिकडं गेलं. ह्या दमण्यातूनच त्यांची मैत्री झाली. मॉरीन वारली तेव्हा भांडं आपांकडे होतं, धुऊन ठेवलेलं. ते साड्यांत गुंडाळून त्यांनी उंब्रजला आणलं.

ग्रुपचं नाव ह्याच भांड्यावरून, आणि ग्रुपचा नियमही एकच. कुणाचाही प्रश्न रिकामा परत जाता कामा नये. आज काळी कचरापेटी बाहेर काढायची की निळी, डॉक्टरची वेळ मिळवायला सकाळी किती वाजता फोन लावायचा, शेजाऱ्याच्या मांजरानं आपल्या वाफ्यात घाण केली तर काय म्हणायचं, फोडणी दिली की धुराची घंटा वाजते तर तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी का. (बांधू नये.) ठाऊक नसलं तर "मला ठाऊक न्हाई, इचारून सांगतो" एवढं तरी भांड्यात घालायचं. नुसतं हसणारं चित्र टाकलं की आपांचा निरोप यायचा, "हे रिकामं गेलं. भरून द्या." मोठमोठ्या पगाराची माणसं मुकाट भरून द्यायची. मी जगात बरेच ग्रुप बघितलेत. सकाळच्या फुलांचे, भावकीचे, जुन्या वर्गमित्रांचे. नव्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ न देणारा हा एकच.

मला आपांनी आडनाव विचारलं नाही ह्याचं सुरुवातीला वाईटच वाटलं. आमच्याकडं आडनाव न विचारणं म्हणजे माणसात रस नसल्यासारखं. दोन सातारकर परदेशात भेटले तर चहा उकळायच्या आत गाव, आडनाव, मामाचं गाव, अशी पायरी पायरीनं चौकशी होऊन कुठलंतरी नातं निघतंच, आणि निघालं की कोण आनंद! ह्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. नेमकं ह्याच प्रेमानं पुढं घात केला.

ग्रुपवर एक बाई होती. नाव 'जास्वंद', फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. ती फार क्वचित लिहायची, आणि विचारायची तेही साधं. बसमध्ये रोख पैसे चालतात का? मी तोवर तिथं बस चालवायला लागलो होतो. मी लिहिलं, "चालतात. सुटे असले तर बरं." मग काही दिवसांनी, मागच्या दाराची किल्ली हरवली तर नवी कोण करून देतं? मग, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असेल तर तो मागता येतो का? कुणीतरी चेष्टेनं लिहिलं, "ताई, पळून जायचा विचार आहे का?" आणि खाली हसणाऱ्या चित्रांची रांग लागली.

आपा हसल्या नाहीत. सगळे प्रश्न घराबाहेर पडण्याचे आहेत, हे त्यांच्या बांगडीवाल्या डोळ्यांना दिसलं होतं. त्यांनी ग्रुप सोडून तिला एकटीला विचारलं, "पोरी, मनगट कसं हाय?" तिकडून हाताचा एक फोटो आला. आपांनी तिला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अशा बायकांना आसरा देणाऱ्या तिथल्या संस्थेचा नंबर दिला, पोलिसांचा दिला, आणि सांगितलं, "घाई तुझी तू ठरीव. दार उघडं हाय एवढं ध्यानात ठेव."

मग एकदा ग्रुपवर यात्रांचा विषय निघाला. जो तो आपापल्या गावाचं सांगत होता, आणि जास्वंदीलाही राहवलं नाही. तिनं लिहिलं, माझ्या आजीचं गाव औंध, यमाईच्या यात्रेत माझे आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संपलं! लंडनजवळ राहणाऱ्या सुमनकाकू, मायाळू बाई, भरल्या घरातल्या, त्यांचा जीव आनंदला. "अगं, म्हणजे क्लॅरिनेटवाल्या आप्पांची नात का तू? आमच्या उंब्रजच्या सुभेदारांच्या पुतण्याला दिलेली!" एवढ्यावर न थांबता त्यांनी सुभेदारांच्या घरी फोन करून कळवलं, तुमची सून आमच्या ग्रुपवर असते हो, किती गोड लिहिते!

त्यानंतर जास्वंद गप्प झाली.

त्या दिवसांत मी पलूसला आलेलो होतो, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आपांना फोन केला तर एरवीचा खणखणीत आवाज पडलेला. मी मोटरसायकल काढून उंब्रज गाठलं. आपा कार्डिगन घालून पलंगावर बसलेल्या, फोन समोर. शेजारणीनं आणून ठेवलेलं जेवण तसंच झाकलेलं. "सुमननं वाईट केलं न्हाई मास्तर," त्या म्हणाल्या, "आपल्या लोकास्नी दुसरं येतंच काय? नातं लावायचं. पर त्या पोरीच्या मनगटाचं आता काय झालं आसंल?"

मी तिथं असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबरावरून निरोप होता, "आपा, बसमध्ये बसले. सुटे होते."

आपांनी तो मला वाचायला लावला, मग पुन्हा वाचायला लावला. मग उठून झाकलेलं ताट ओढलं आणि जेवायला बसल्या. मला रडू येत होतं, त्या मात्र भाकरी मोडत म्हणाल्या, "आता बगा, सुभेदार येत्याल. चहाचं आधण ठेवा."

संध्याकाळ व्हायच्या आत आलेच. पांढऱ्या मिशांचा, ताठ पाठीचा, फौजेतून निवृत्त झालेला ऊसवाला माणूस. गावात त्यांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले.

"आपा, पोरगी कुठं हाय?"

"आत या. चा घ्या."

"चा नगं. आमच्या घरातली भानगड हाय. तुमी त्यात पडू नगासा. त्यात पुन्हा तुमी..." ते तिथं थांबले.

"मुसलमान," आपांनी वाक्य पुरं केलं. "व्हय, हाय की. तुमच्या आईच्या हातात माझ्या बापानं बांगड्या भरल्या तवा कोण हुतो आमी?"

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "गावात ऱ्हायाचं हाय नव्हं तुमास्नी? एकट्या बाई हाय तुमी."

"एकटी हाय म्हणूनच भ्या न्हाई. माझं काय न्हेणार? पत्ता मला ठावं न्हाई. ठावं आसता तरी दिला नसता. नाव बी मी तिला कदी इचारलं न्हाई, ते तुमच्याच मानसांनी काडलं." मग त्यांनी कप उचलून उंबऱ्यावर ठेवला. "माझ्या दारातनं कोण रिकामं जात न्हाई सुभेदार. चा मिळंल. पोरगी मिळायची न्हाई."

ते चहा न घेता गेले. मी आपांना म्हणालो, काही दिवस दार लावून घेत जा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. जाताना वळून पाहिलं तर त्या आतली खुर्ची ओढत बाहेर उंबऱ्यावर आणत होत्या.

गावचं हे सोपं होतं म्हणायचं, इतकं ग्रुपवर अवघड झालं. संग्राम म्हणून एक उमदा, उत्साही गडी ग्रुपची व्यवस्था आपांच्या बरोबरीनं बघायचा. त्याचे नातेवाईक सुभेदारांच्या बाजूचे. त्यानं लिहिलं, यापुढं पूर्ण नाव, आडनाव, गाव आणि फोटो दिल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही. दिसायला रास्त मागणी. फसवणूक होते, खोटी माणसं येतात. शिवाय कुणाच्या संसारात आपण का पडावं? आणि खाली, जास्वंदीला काढावं का, ह्यावर मत द्या. मत देणारे धडाधड मत द्यायला लागले.

आपांचा निरोप आला. ह्या वेळी हॉर्न नव्हता. बहुतेक दार लावून बोलल्या असतील, आयुष्यात एकदाच. "संग्राम, तू नवा आलतास तवा तुझ्या बायकूला दिवस गेलं हुतं आन् तुला दवाखान्यात काय बोलायचं कळत नव्हतं. तवा कुणी मत घेतलं का, ह्याला सांगायचं का न्हाई म्हणून? दार उघडायचं का न्हाई ह्यावर मी मत घेणार न्हाई. ज्याला बंद दाराचं घर पायजे त्यानं खुशाल बांधावं. मी राग धरणार न्हाई. पर हे दार माझं हाय."

संग्रामनं जास्वंदीला काढलं. आपांनी परत घेतलं. त्यानं पुन्हा काढलं, आपांनी पुन्हा घेतलं. मग तो स्वतःच गेला आणि नवा ग्रुप काढला, वाघाच्या चित्राचा. बघता बघता निम्म्याहून जास्त माणसं तिकडं गेली. मला राग आला. अजून येतो. त्यातल्या कितीजणांना कचऱ्याच्या पेटीचा रंगसुद्धा आपांनी शिकवला होता. सुमनकाकू मात्र राहिल्या. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "माझ्यामुळं झालं. आता मी कुणाला गाव विचारणार नाही, जीभ चावीन." ते त्यांना फार जड जात असणार, कारण अधूनमधून त्या नुसतंच "कुठल्या गं..." लिहून पुसून टाकायच्या, तेवढं सगळ्यांना दिसायचं.

ग्रुप ओस पडला. आपांना म्हणालो, लोक गेले. म्हणाल्या, "गेल्याली माणसं मोजायची का आल्याली? कोण आलं तर चा हाय, एवढं बगायचं." आणि त्या रोज सकाळी पूर्वीसारखाच निरोप टाकत राहिल्या. उंब्रजला ऊन हाय, तुमच्यात काय हाय? बऱ्याचदा मी एकटाच उत्तर द्यायचो, पाऊस.

कितीतरी महिने असे गेले. मग एकदा कवठेमहांकाळकडचा कुणी नवा मुलगा आला आणि त्यानं भीत भीत लिहिलं की न्हाणीघरात दोन दोऱ्या आहेत, एक लाल आणि एक पांढरी. मी उत्तर लिहायला लागलो, तोवर दुसरं कुणीतरी लिहून मोकळं झालं होतं. "पांढरी दोरी दिव्याची, लाल दोरी बोंबेची. आणि वेळ आली तर लाल दोरी ओढायला लाजायचं नाही." नावाच्या जागी जास्वंदीचं फूल.

मी बसच्या शेवटच्या थांब्यावर होतो. गाडी रिकामी होती, म्हणून मोठ्यानं रडलो.

ह्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नाला पलूसला आलो, तेव्हा परतताना गाडी उंब्रजला थांबवली. आपा उंबऱ्यावरच्या खुर्चीत बसलेल्या, पाठ घराकडं, तोंड रस्त्याकडं, दार सताड उघडं. थकल्या होत्या. चोंगे करताना शेजारणीनं हातभार लावला असं म्हणाल्या, म्हणजे खरंच थकल्या होत्या. निळ्या काठाचं काचेचं भांडं भरून, वर फडकं बांधून तयार होतं.

"हे मॉरीनचं न्हवं का?" मी विचारलं.

"तिचंच. माझ्यावर पाळी हुती. आता तिला कुठनं देऊ? जास्वंदीला द्या. ती डर्बीला येऊन न्हेणार हाय, मला कळीवलंय तिनं. बसनं येती म्हणाली, सुटं हायत म्हणाली." आपा हसल्या. "आन् तिला सांगा, भांडं मला परत द्यायचं न्हाई. कोण नवं येईल त्येला भरून दे म्हणावं. रिकामं नगं."

भांडं मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. चोंगे अजून कोमट होते. गाडी सुरू होते तोच समोरून एक मोटरसायकल आली. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. सुभेदारांनी आपांकडं बघायचं नाही म्हणून मान दुसरीकडं वळवली होती. आपांनी खुर्चीचे हात धरून स्वतःला उभं केलं, आणि हायवेवरच्या ट्रकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हाक दिली,

"आवं सुभेदार! चा घेऊन जावा! पत्ता मातुर मिळायचा न्हाई!"